बांधावर फेकलेली पुडी

दिवाळीनंतरचं एक बोंड फोडून पाहा. वरून हिरवंगार, टणक, कुठे भोक नाही की डाग नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबून उकललं की एखाद्या कप्प्यातला कापूस पांढरा निघतच नाही. पिवळट, ओलसर, चिकटून बसलेली कवडी निघते. तिच्यात सरकीचे दोन दाणे एकमेकांना जोडलेले सापडतात. नखाने ते सोडवले की आतल्या पोकळीत अंग मुडपून बसलेली, जेमतेम अर्ध्या इंचाची गुलाबी अळी दिसते. तिनेच रेशीम काढून ते दोन दाणे शिवलेले असतात, पुढचे थंडी-उन्हाचे महिने झोपून काढायला.

विचार करायची गोष्ट अशी की ही बीटी कपाशीची सरकी आहे. अळीला मारणारं प्रथिन याच सरकीत भरलेलं आहे. अळी ते विष खाऊन लठ्ठ झाली, आणि वर त्याच विषाच्या डब्यात अंथरूण घालून झोपली.

आमच्या काकांकडे याचं उत्तर तयार आहे. "अळीले सवय झाली रे बाबू. मानसाले नाही का खर्‍याची सवय होत? पह्यल्या दिवशी चक्कर येते, महिन्याभरानं दिवसाले दहा खाल्ले तरी काई होत नाही."

विदर्भात कोणालाही पटेल असा दाखला आहे, पण तो चूक आहे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, खाणाऱ्याचं शरीर हळूहळू सरावतं हे खरं, पण त्याच्या पोराला तो सराव जन्मतः मिळत नाही. पोराला पहिल्या खर्‍याला चक्कर येतेच. अळीचं उलटं आहे. बीटीचं प्रथिन पोटात गेलं की अळी एक तर मरते, नाहीतर जगते. सरावायला तिला सवडच नसते. जी जगते ती अंड्यातून येतानाच वेगळी असते आणि तिचा तो वेगळेपणा तिच्या पिल्लांत उतरतो. म्हणजे अळी कोणी बदलली नाही. आधीपासून विखुरलेल्या दोन-चार वेगळ्या अळ्या तेवढ्या मागे राहिल्या, बाकीच्या आपण मारल्या. बियाणं निवडताना बाया जशा दाणा दाणा वेचतात, तशी ही निवड झाली, आणि वेचणारे आपण होतो.

त्या वेगळ्या अळ्यांमध्ये नेमकं वेगळं काय होतं, हे कळायला आधी अळीच्या पोटात जावं लागेल.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतला जिवाणू. १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिडे मरू लागले तेव्हा इशिवाता यांना तो सापडला. पुढे १९११ मध्ये जर्मनीतल्या थुरिंगियात पिठातल्या पतंगाच्या अळ्यांमध्ये बर्लिनर यांना पुन्हा सापडला आणि त्या प्रांतावरून नाव पडलं. हा जिवाणू एका प्रथिनाचे स्फटिक बनवतो. अळीचं आतडं आपल्या जठरासारखं आंबट नसतं, चांगलंच अल्कधर्मी असतं. तिथे हे प्रथिन विरघळतं, पाचक रस त्याचा एक तुकडा छाटतात आणि ते धारदार होतं. मग ते आतड्याच्या भिंतीवर एक खुंटी शोधतं. कॅडहेरिन नावाचं प्रथिन हीच ती खुंटी. तिला अडकल्यावर बीटीचे रेणू एकमेकांना जुळतात, भिंतीत घुसतात आणि तिला भोकं पाडतात. आतड्याच्या पेशी फुगून फुटतात, अळीचं खाणं थांबतं, आणि दोन-चार दिवसांत ती संपते. माणसाच्या किंवा गाईच्या पोटात ना ते अल्क, ना ती खुंटी.

कपाशीत घातला तो या प्रथिनाचा जनुक. पहिल्या बीटी कपाशीत क्राय-वन-एसी नावाचं एकच प्रथिन होतं. भारतात तिला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली.

आता वेगळी अळी. तिची खुंटीच मोडकी असते. कॅडहेरिनचा जनुक बिघडलेला, त्यामुळे प्रथिन अर्धवट बनतं किंवा धड बनतच नाही. विष आतड्यातून फिरतं, पण त्याला अडकायला जागा मिळत नाही, आणि ते तसंच बाहेर पडतं. प्रतिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी जास्तीचं येतं: ढाल, चिलखत, नवं हत्यार. इथे तसं काही नाही. इथे एक गोष्ट कमी आहे. चोराला दोर टाकायला कठडाच नसावा, तसं.

आणि ही मोडतोड फार दुर्मीळ असते, पण शून्य कधीच नसते. जनुकाची नक्कल होताना चुका होतच असतात. बीटीचं बियाणं कोणाच्या स्वप्नातही नव्हतं तेव्हाही एखाद्या गुलाबी अळीच्या अंगात मोडक्या खुंटीचा जनुक असणारच, फक्त त्याचा तिला काही उपयोग नव्हता. उलट थोडा तोटाच असावा, कारण आतड्याच्या भिंतीवर कॅडहेरिन काही बीटीची सोय म्हणून बसवलेलं नाही.

इथून पुढे थोडं गणित आहे, पण ते टाळलं तर पुडीची गोष्ट कळणार नाही.

आपल्यासारखंच अळीकडेही प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. खुंटीच्या जनुकाच्या प्रतीला आपण 'धड' किंवा 'मोडकी' म्हणू. मग अळ्या तीनच प्रकारच्या: धड-धड, धड-मोडकी आणि मोडकी-मोडकी. मधल्या प्रकाराकडे एक प्रत धड असल्याने खुंट्या बनतात, भले कमी. विष भरपूर असेल तर तेवढ्याही पुरतात आणि अळी मरते. बीटी कपाशीवर फक्त मोडकी-मोडकी जगते. यालाच जनुकशास्त्रात अप्रभावी गुण म्हणतात, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्याशिवाय जो दिसत नाही तो.

समजा सुरुवातीला हजारात एक प्रत मोडकी आहे. दोन्ही प्रती मोडक्या मिळायची शक्यता हजारात एकाची हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. म्हणजे दहा लाख अळ्यांत जगणारी एकच, पण गुपचूप एक मोडकी प्रत घेऊन फिरणाऱ्या जवळजवळ दोन हजार. त्या बीटीवर मरतात, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

आता ती एकटी वाचलेली अळी कोषातून पतंग होऊन बाहेर पडते. तिला जोडीदार कोण मिळतो, यावर पुढचं सगळं ठरतं. शेजारी साध्या कपाशीचा पट्टा असेल तर त्यातून हजारो धड-धड पतंग उडत असतात. तिची गाठ त्यांच्यातल्याच कोणाशी तरी पडणार. झालेली सगळी पिल्लं धड-मोडकी. ती बीटी कपाशीवर जन्मली की मेली. मोडकी प्रत त्या पिढीतच गाडली गेली. पण शिवारभर नुसती बीटीच असेल तर? धड-धड पतंग उरलेच नाहीत. शिवारातून, तालुक्यातून ज्या काही चुकार मोडक्या-मोडक्या वाचल्या असतील त्याच एकमेकींना शोधतात, आणि मादीचा गंध नराला दुरून येतो. त्यांची सगळीच्या सगळी पिल्लं मोडकी-मोडकी. एका हंगामात या अळीच्या चारएक पिढ्या होतात.

बीटी बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची एक छोटी पुडी यायची, ती याचसाठी. बिगर बीटीची. नियम असा की बीटीभोवती साध्या कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. याला रेफ्युज म्हणत, आश्रयाचं पीक. मी लहान असताना आमच्या बांधावर अशा पुड्या न फोडलेल्या पडलेल्या असत. आम्ही पोरं त्या फोडून दाणे उधळायचो. एका वर्षी काकांनी दुकानदाराला विचारलंही होतं की ही बारकी पुडी कशाची. "रेवड्या समजा," असं उत्तर मिळालं.

याला शेतकऱ्याचा अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पाचव्या हिश्शाच्या रानात मुद्दाम अळ्या पोसायच्या, त्यांचं नुकसान सोसायचं, आणि त्याचा फायदा कधीतरी दहा वर्षांनी सगळ्या जिल्ह्याला व्हायचा. माझ्या पाच ओळींनी माझं काहीच वाचत नाही, शेजाऱ्याने लावल्या नाहीत तर अजूनच नाही. खर्च एकट्याचा, लाभ गावाचा. असा हिशेब पाण्याच्या बाबतीतही आपल्याला जमलेला नाही. पुडीवर चार ओळी छापून तो जमेल असं ज्यांना वाटलं त्यांचं मला जास्त नवल वाटतं.

आणि चूक लवकर दिसतही नाही. हजारात एक मोडकी प्रत वाढून शंभरात एक झाली तरी जगणारी अळी दहा हजारांत एक. कोणाच्या नजरेत भरणार? दहात एक झाली की शंभरात एक अळी जगते, म्हणजे एखाद्या डोमकळीत, अळीने पाकळ्या आतून चिकटवलेल्या फुलात, दिसली तर दिसली. मग ती प्रत निम्म्यावर पोचते आणि अचानक चारातली एक अळी जगते. वर्षानुवर्षं काही नाही, आणि मग दोन हंगामांत सगळं शिवार कवडी. 'अळी एकाएकी कुठून आली' असं सगळे म्हणतात. ती आलेली असते कधीची.

गुजरातच्या अमरेली भागातल्या २००८ च्या अळ्यांवर प्रयोगशाळेत क्राय-वन-एसी चालत नसल्याचं आढळलं. २०१० मध्ये बियाणं बनवणाऱ्या कंपनीनेही गुजरातच्या चार जिल्ह्यांबाबत ते जाहीर कबूल केलं. तोवर देशातल्या बहुतेक कपाशीच्या रानात बीटी पोचली होती.

आता मला स्वतःला यातला सर्वांत आवडणारा भाग. ही जवळजवळ पोलिसी तपासाची गोष्ट आहे.

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात संशोधकांनी गुलाबी अळीला प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या बीटी खाऊ घालून प्रतिकारक अळ्या तयार केल्या होत्या. त्यांच्या कॅडहेरिन जनुकात मोडतोडीचे चार नमुने सापडले होते. चारही कुठे, कसे मोडतात ते माहीत होतं. त्यामुळे वाटलं की भारतातल्या अळ्यांच्या डीएनएमध्ये या चार खुणा शोधल्या की काम झालं. सात ठिकाणच्या ४३६ अळ्या तपासल्या. चारातला एकही नमुना एकाही अळीत नव्हता.

आरोपी मोकळा सुटायचा असा हा क्षण. पण त्यांनी जनुक सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढला, तेव्हा कळलं की खुंटी मोडलेली होतीच, फक्त वेगळ्या ठिकाणी. एक नव्हे, आठ नवे नमुने. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यातही एक गंमत होती. जनुकात मजकूर सलग नसतो. कामाचे तुकडे आणि बिनकामाचे तुकडे आलटून पालटून असतात, आणि प्रथिन बनवण्याआधी पेशी त्याची कच्ची प्रत काढून बिनकामाचे तुकडे कापते आणि उरलेले शिवते. शिंप्याने कापड बेतावं तसं. मोडक्या जनुकांत या बेतण्याच्या खुणाच बिघडल्या होत्या. त्यामुळे एकच जनुक कधी एक बाही वगळून शिवला जाई, कधी गळा. आठ मोडक्या जनुकांपासून एकूण १९ प्रकारच्या बिघडलेल्या प्रती निघत होत्या.

याचा शेतकऱ्याशी काय संबंध? फार जवळचा. घड्याळ चालू ठेवायची रीत एकच असते, बंद पाडायच्या शंभर. प्रतिकार जर नवी शक्ती मिळवण्यातून येत असता तर प्रत्येक मुलखात निसर्गाला ती एकच अवघड युक्ती सुचायची वाट पाहावी लागली असती. इथे काहीतरी मोडायचंच आहे. ते अ‍ॅरिझोनात एका जागी मोडेल, अमरेलीत दुसऱ्या. ठरावीक एक खूण शोधणारी स्वस्त डीएनए चाचणी इथे फारशी कामाची नाही, कारण अळी दर वेळी नव्या जागी मोडते. अळीला खायला घालून जगते की मरते हे पाहणं, ही जुनी, वेळखाऊ पद्धतच भरवशाची ठरते.

सगळा प्रतिकार असाच मोडतोडीतून येतो असं मात्र नाही. हिरव्या बोंडअळीने फेनव्हॅलरेटसारख्या फवारणीच्या औषधाला दाद देणं बंद केलं, तेव्हा तिच्यात उलटा प्रकार सापडला. शेजारी शेजारी असलेल्या दोन जनुकांची अदलाबदल चुकून वेडीवाकडी झाली, अर्धा एक आणि अर्धा दुसरा असा जोडजनुक तयार झाला, आणि त्यातून निघालेलं नवं विकर औषधाचेच तुकडे करू लागलं. तिथे खरंच एक गोष्ट जास्तीची मिळाली. अशा ठिकाणी साधारणपणे एक प्रतही थोडीफार कामाला येते, म्हणून आश्रयाच्या पिकाची युक्ती तितकी चालत नाही.

गंमत म्हणजे हीच हिरवी अळी बीटीपुढे मात्र गुलाबीसारखी सुटली नाही. वीस वर्षं उलटून गेली तरी तिच्यावर बीटीचा वचक बराचसा टिकून आहे. कारण ती तूर खाते, हरभरा खाते, टोमॅटो खाते. आपल्याकडे कपाशीच्या ओळींत तूर असतेच. कोणी सांगितलं नाही, पुडी दिली नाही, तरी धड-धड पतंग तयार करणारं आश्रयाचं पीक शिवारात आपसूक उभं राहिलं. गुलाबी अळीला कपाशीशिवाय फारसं काही रुचत नाही. कपाशी सगळी बीटी केली की तिच्या धड-धड भावंडांना राहायला जागाच उरत नाही.

आता एक असा मुद्दा, जो आपल्याकडे फार कमी बोलला जातो.

वर मी म्हटलं की धड-मोडकी अळी 'विष भरपूर असेल तर' मरते. हे 'भरपूर' फार महत्त्वाचं आहे. विष कमी पडलं तर कमी खुंट्यांची अळी निसटते, आणि मग गुण अप्रभावी राहतच नाही. एकच मोडकी प्रत पुरते. जनुक तोच, पण डोस बदलला की त्याचं वागणं बदलतं. आणि डोस कमी व्हायच्या दोन सोयी आपण करून ठेवल्या होत्या.

पहिली, झाडाचं वय वाढतं तसं त्यातलं बीटी प्रथिन घटत जातं. आपण फरदड घेऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत झाड उभं ठेवतो. पाणी दिलं की झाड पुन्हा फुटतं, अळीला बोंडं मिळतात आणि विष मात्र कमी.

दुसरी सोय बियाण्यातच आहे. जगात बहुतेक ठिकाणी बीटी कपाशीचे सरळ वाण आहेत, भारतात जवळजवळ सगळं संकरित. संकरित झाडाकडे बीटी जनुकाची एकच प्रत असते, एका आईबापाकडून आलेली. त्याच झाडाच्या बोंडातली सरकी ही मात्र त्याची पुढची पिढी. मेंडेलच्या वाटाण्यासारखी वाटणी होते: चार दाण्यांत तीन बीटीचे, एक साधा. झाड शंभर टक्के बीटी, पण एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी दाणे शेजारी शेजारी. आणि गुलाबी अळी खाते काय? सरकीच. एक दाणा विषाचा, पुढचा बिनविषाचा, असं खात खात तिला अर्धा-मुर्धा डोस मिळतो. धड-मोडकीला याहून सोयीचं ताट कोण वाढणार? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती यांनी संकरित वाणांच्या या अडचणीवर आणि त्यांच्या लांबलेल्या हंगामावर वारंवार लिहिलं आहे. पाच महिन्यांत निघणारे सरळ वाण घ्या, असं ते सांगत आले.

२००६ मध्ये दुसऱ्या पिढीचं बीटी आलं, ज्याला आपण बीजी-टू म्हणतो. त्यात क्राय-वन-एसीच्या जोडीला क्राय-टू-एबी हे दुसरं प्रथिन होतं. ते वेगळ्या खुंटीला अडकतं. कागदावर कल्पना झकास आहे. एक खुंटी मोडलेली अळी दहा लाखांत एक, दोन्ही मोडलेली दहा लाखांतल्या एकाची पुन्हा दहा लाखांत एक. पण हा गुणाकार दोन्ही कुलपं एकदम लावली तरच. आपण चार हंगाम आधी एकच कुलूप लावून अळीला सराव दिला (पुन्हा काकांचाच शब्द आला, पण निवड म्हणायचं आहे). बीजी-टू आल्यावरही एका कुलपाची कपाशी शेजारच्या रानात सुरूच होती. पहिलं कुलूप मोडलेल्या अळीसमोर दुसरं एकटं पडलं. आणि तेही तसंच गेलं. भारतातल्या शेतांमधून आणलेल्या प्रतिकारक अळ्यांमध्ये एबीसीए-टू या जनुकात बिघाड सापडले, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि तिथेही कापून शिवण्यातलीच गडबड होती. शिवाय दोन जनुकांचं संकरित झाड म्हणजे बोंडातली वाटणी आणखी फाटते: सोळा दाण्यांत नऊ दोन्ही विषांचे, तीन फक्त पहिल्याचे, तीन फक्त दुसऱ्याचे, एक कोरा.

२०१७ चा हंगाम विदर्भ-मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. आमच्या घरी वेचायला आलेल्या बाया दुसऱ्या वेच्यालाच म्हणाल्या होत्या, बोंड दिसते पण बोट घालता येत नाही. त्याच पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या फवारण्या एकट्या गुलाबी अळीसाठी नव्हत्या, रसशोषक किडींसाठीही होत्या. पण बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचतच नाही. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात आत जाते, मागचं भोक बुजतं आणि पंपातलं पाणी वरून घरंगळून जातं.

दुसरीकडे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. चीनमध्ये यांगत्से नदीच्या खोऱ्यात बीटी आणि साध्या कपाशीचा संकर करून त्याचं दुसऱ्या पिढीचं बियाणं विकलं जाऊ लागलं. उत्पन्नासाठी आणि स्वस्ताईसाठी, अळीचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. दुसऱ्या पिढीत तीच चारात एकची वाटणी झाली, पण ती झाडांमध्ये: तीन झाडं बीटीची, चौथं पूर्ण साधं. त्या चौथ्या झाडावर धड-धड पतंग तयार होऊ लागले आणि वाढायला लागलेला प्रतिकार मागे फिरला. वाटणी तीच, पण आपल्याकडे एका बोंडात झाली म्हणून घात झाला आणि तिकडे रानभर झाली म्हणून औषध ठरली. आपल्याकडेही पुडी बंद होऊन साधे दाणे पाकिटातच मिसळलेले, ४७५ ग्रॅमचं पाकीट आता मिळतं. शेतकऱ्याला वेगळं काही करावं लागत नाही, एवढं तरी शहाणपण त्यात आहे.

अ‍ॅरिझोनात रेफ्युजचा नियम नीट पाळला गेला आणि प्रतिकार दबून राहिला. २००६ पासून त्यांनी पुढची पायरी गाठली. किरणोत्सर्गाने वांझ केलेले गुलाबी अळीचे पतंग अब्जावधींनी विमानातून सोडले. ओळखू यावेत म्हणून त्यांना अळी असतानाच लाल रंग मिसळलेलं खाद्य दिलेलं असे. रानात चुकून वाचलेल्या मोडक्या-मोडक्या पतंगाला जोडीदार मिळे तो वांझ, अंडी फुकट. १९१७ मध्ये टेक्सासात दिसलेली ही कीड अमेरिकेच्या कापसातून संपल्याचं ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर झालं. आपल्याकडे बीजी-टू हरल्याचे पुरावे छापून आले, तेही त्याच वर्षी.

हे सगळं एकदा काकांना सांगून झाल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "म्हणजे आता चुपचाप साधी कपाशी लावली त अळी पयल्यासारखी होईन का?"

प्रश्न नेमका होता आणि उत्तर कडू. आश्रयाच्या पिकाची सगळी मदार तिथून धड-धड पतंग निघतील यावर होती. शिवारात मोडक्या प्रतीच जास्त झाल्यावर साध्या कपाशीवर पोसला जाणारा पतंगही बहुधा मोडकाच निघणार. पुडी पेरायची ती २००२ मध्ये. मोडकी खुंटी अळीला थोडी महाग पडत असेल तर बीटी नसलेल्या रानात ती प्रत हळूहळू मागे पडेल, चीनमध्ये तसं झालं, पण तिथे पाणी डोक्यावरून जाण्याआधी.

आता उरतं ते अळीची संख्या तोडणं, मग तिच्या अंगात कोणतीही प्रत असो. मादीच्या गंधाने नराला ओढणारे कामगंध सापळे रानात लावायचे, सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले की जागं व्हायचं. डोमकळ्या दिसतील तशा तोडून जाळायच्या. नराला मादी सापडू नये म्हणून गंधाच्या दोऱ्या झाडांना बांधायच्या. आणि डिसेंबरात पीक संपवायचं. ही अळी कपाशीवरच जगते, हेच जे तिच्या पथ्यावर पडलं, तेच तिचं दुखणंही आहे. पाच-सहा महिने शिवारात एकही हिरवं बोंड नसेल तर जिनिंगच्या आवारातल्या सरकीत आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांत, झोपलेल्या अळीतून मधेच उडालेल्या पतंगाला अंडी घालायला जागा नसते.

"पऱ्हाटी नाही ठेवाची म्हणतं," काका म्हणाले, "मंग चुलीत काय घालू, तुयं पुस्तक?" यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी रान मोकळं केलं. पऱ्हाटीचा ढीग मात्र गोठ्यामागे तसाच आहे, उन्हाळाभर पुरेल एवढा.